सन्मान आणि शिक्षण : अंबाजोगाईच्या परंपरेचा धडा

आपल्या संघाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा व कलावंतांचा सत्कार करण्याची प्रथा आहे. नाव पुकारले जाते, शाल व श्रीफळ दिले जाते, टाळ्या होतात आणि मंडळी भोजनास जातात. ही प्रथा चांगलीच आहे. तथापि सत्कार झालेला मुलगा पुढे कोणाजवळ शिकला, त्याच्या गाण्याचे वा चित्रकलेचे पुढे काय झाले, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. सन्मानाला शिक्षणाची जोड असावी की नसावी, आणि सन्मान कोणाचा करावा, हे दोन्ही प्रश्न आपल्या संघापुढे आज ना उद्या येणारच आहेत. त्यांचा विचार करताना इतिहासाकडे, विशेषतः आपल्याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या इतिहासाकडे पाहणे उपयोगाचे होईल.

महाराष्ट्रात विद्वानांना द्रव्यरूपाने गौरविण्याची सर्वांत प्रसिद्ध प्रथा म्हणजे पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा. शास्त्री-पंडितांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणे दक्षिणा द्यावी, असा तिचा मूळ हेतू होता. परंतु उत्तरकाळात विद्येची पारख मागे पडली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मणांना सरसकट रकमा वाटल्या जाऊ लागल्या. जन्म हीच पात्रता ठरली. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला, आणि त्यातील पैशाच्या आधारे 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. दानाचा पैसा शिक्षणाकडे वळल्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय.

पुढे 1849 च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासारख्या सुधारकांनी अशी मागणी केली की, दक्षिणेच्या रकमेतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत आणि ती कोणत्याही जातीच्या लेखकास मिळावीत. सनातनी मंडळींनी मोठा गहजब केला. अर्जदारांवर हल्ला होईल, अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या रक्षणास उभे राहिले. 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारास सरकारी पारितोषिक मिळण्याची वाट मोकळी झाली.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही. त्याच जोतीरावांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे असे घडले, हे जोतीरावांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांनी बक्षीस सर्वांस खुले व्हावे म्हणून पाठबळ दिले, त्यांच्याच कृतीस ते बक्षीस मिळाले नाही. हे नाटक छापून प्रसिद्ध होण्यास 1979 साल उजाडावे लागले. याचा अर्थ सरळ आहे. बक्षीस कागदावर सर्वांस खुले झाले, परंतु परीक्षकांची बैठक खुली झाली नव्हती.

हे सर्व इंग्रजी अमलाखालील मुलखात घडले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे मराठी ग्रंथकाराला दक्षिणाही नव्हती आणि प्राइझ कमिटीही नव्हती. दरबारची भाषा प्रथम फारसी व 1884 नंतर उर्दू झाली, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. अशा स्थितीत मराठी विद्या व कला जगवावयाची झाली तर ती लोकांनी आपल्या बळावरच जगवावयास हवी होती.

अंबाजोगाईस तसे करण्याची जुनी सवय होती. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी परंपरेने येथेच मानली जाते. सोळाव्या शतकात दासोपंतांनी (1551–1615) याच गावी राहून ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ रचला, पदे लिहिली, आणि सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ हे प्रकरण ओव्यांनी व आकृत्यांनी उतरविले. तीच प्रसिद्ध पासोडी. वेदान्तासारखा गहन विषय मराठी ओवीत आणि चित्राकृतींत मांडणे, हे शिकविणाऱ्या माणसाचे काम आहे. ही पासोडी शतकानुशतके टिकली, ती राजाश्रयाने नव्हे. ज्यांच्या घरात ती होती, त्यांनी ती ठेवा म्हणून सांभाळली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

निजामी काळात या गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि येथे घोडदळाची छावणी बसली. येथेच 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ आले. तत्पूर्वी ते हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत होते. मोमिनाबादेत योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या द्वारे त्यांनी व बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी घडविले. 1938 साली स्वामीजी शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले, आणि त्यांच्या मागोमाग शिक्षक व विद्यार्थीही उतरले. गावाच्या आराध्य देवतेचे नाव धारण करणारी ही शाळा कोणा एका ज्ञातीची नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि 1956 साली योगेश्वरी शिक्षण संस्थेने महाविद्यालय काढले. तेच आजचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय.

शिक्षणाचा पाया असा घातला गेल्यावर सन्मानाचे दिवस आले. 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत भरले. व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. पुढे 1998 साली जिल्ह्यातीलच परळी वैजनाथ येथे द. मा. मिरासदारांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले. 25 नोव्हेंबर 1984 रोजी यशवंतराव चव्हाण निवर्तले. त्यानंतर भगवानराव लोमटे यांच्या पुढाकाराने अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह सुरू झाला. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत कविसंमेलन होते, शास्त्रीय गायन-वादन होते, शेतकऱ्यांची परिषद भरते, विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होतात, आणि साहित्य, संगीत, कृषी अशा क्षेत्रांतील कर्तबगार व्यक्तींचा गौरव केला जातो. शेतकरी आणि गवई एकाच मांडवात सन्मानित होतात, आणि गावचा शाळकरी मुलगा ते पाहतो व ऐकतो. माझ्या मते या समारोहाचे खरे मोल येथे आहे. पुरस्कार स्वीकारणाऱ्याचा सन्मान त्या दिवशी होतो, पण ऐकणाऱ्या मुलाचे शिक्षण तेथून सुरू होते.

आता पुन्हा आपल्या संघाकडे वळू. आपला निधी आपल्याच ज्ञातिबांधवांच्या वर्गणीतून जमलेला आहे. यास्तव तो आपल्याच मुलांस मिळावा, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा मी अनादर करीत नाही. ज्या काळी आपल्या मुलांना कोणी विचारीत नव्हते, त्या काळी अशाच निधीने शिक्षणाचा खर्च भागविला, हे आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे. गरजू विद्यार्थ्यांचे साहाय्य तसेच चालू राहावे. परंतु कलेच्या व साहित्याच्या बक्षिसांविषयी माझी नम्र सूचना निराळी आहे. ती बक्षिसे जिल्ह्यातील सर्व ज्ञातींच्या मुलामुलींस खुली करावीत. परीक्षक मंडळात आपल्या संघाबाहेरील जाणकार असावेत, अन्यथा दक्षिणा कमिटीचीच चूक आपल्या हातून होईल. आणि सत्कारावर होणाऱ्या खर्चातील एक वाटा गायन, चित्रकला व लेखन शिकविणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवावा.

आपली मुले मागे पडतील, ही भीती काहींच्या मनात येईल. मला तसे वाटत नाही. आपल्याच माणसांत पहिला आलेला मुलगा त्या दिवशी आनंदतो, परंतु सर्वांत पहिला आलेला मुलगा जन्मभर ताठ मानेने चालतो. आणि एखाद्या वर्षी बक्षीस दुसऱ्या ज्ञातीच्या मुलीस मिळाले, तर ते आपल्या संघाच्या नावाने मिळाले, याचे भूषण आपलेच नव्हे काय?

दासोपंतांची पासोडी एका घराने सांभाळली, पण ती आज साऱ्या मराठी भाषेची आहे. आपल्या संघाचा निधीही आपण असाच सांभाळू या.