मृत्युपत्राची नक्कल कुणाच्या हक्काची?

वडील, काका किंवा निपुत्रिक मावशी गेल्यावर त्यांनी काय लिहून ठेवले ते पाहण्याचा हक्क रक्ताच्या नात्यानेच मिळतो, असे बहुतेकांच्या मनात असते. मुंबई इलाख्याचा इतिहास वेगळेच सांगतो. इथे मृत्युपत्राची नक्कल मिळण्याची सोय झाली ती पुतण्या-भाच्यांसाठी नव्हे. धनको आणि सातासमुद्रापलीकडचे वारस यांच्यासाठी झाली. 1726 च्या सनदेने मुंबईत मेयरचे न्यायालय आले आणि त्याला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, देण्याचा अधिकार मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीचे कितीतरी नोकर इथल्या हवेत ऐन तारुण्यात मरत. त्यांची येणी-देणी मुंबईच्या बाजारात अडकलेली, वारस मात्र इंग्लंडात. मूळ कागद कोर्टात ठेवायचा आणि नक्कल लंडनला धाडायची, ही वहिवाट त्यातून पडली. त्या नकलांचे खंड आज ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांना पाहता येतात. पुढे रेकॉर्डरचे न्यायालय, सुप्रीम कोर्ट आणि 1862 पासून उच्च न्यायालय अशी प्रोबेटच्या अधिकाराची वाट सलग चालत आली.

आपल्याकडच्या हिंदू घरांना या व्यवस्थेची गरज फारशी नव्हती. मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या शाखेप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या माणसाचा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतर हयात सहभागीदारांकडे आपोआप जाई. मरणाऱ्याने त्यावर लिहून ठेवायचे ते काय? मूल नसेल तर दत्तक घ्यावा, पटत नसेल तर वाटण्या कराव्यात. मृत्युपत्राला खरा वाव होता तो स्वकष्टार्जित मिळकतीत, आणि तशी मिळकत एकोणिसाव्या शतकात मुंबईत भराभर उभी राहत होती. सरकारने 1870 मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या ताब्यातील प्रदेशापुरता आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हीच रेषा कलम 213 मध्ये कायम ठेवली: मृत्युपत्र मुंबई शहरात केलेले असेल किंवा तिथल्या स्थावराविषयी असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येणार नाही. गिरगावातल्या चाळमालकाच्या मृत्युपत्राला म्हणून उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि एकदा ते तिथे दाखल झाले की त्याची नक्कल मागता येई. साताऱ्याच्या सावकाराचे मृत्युपत्र, त्याची मुंबईत मिळकत नसेल तर, घरच्या पेटीत राहिले तरी कायद्याची हरकत नव्हती. एकाच भाषेच्या, एकाच जातीच्या, कित्येकदा एकाच आडनावाच्या दोन घरांत हा फरक पडला तो केवळ शहराच्या हद्दीमुळे.

यावर कुणी म्हणेल, गावातही नोंद होतच होती की. मृत्युपत्र तलाठ्याकडे दिले की फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकत असेल तर सुनावणी होते. हे खरे आहे आणि फेरफाराची नक्कल आजही सहज मिळते. पण फेरफार सांगतो की जमीन अमक्याच्या नावे मृत्युपत्राने लागली. मृत्युपत्रात आणखी काय होते, कुणाला वगळले, विधवेच्या पोटगीचे काय ठरवले, सोन्याचे काय झाले, हे त्या दोन ओळींत येत नाही. शिवाय तो जमिनीचा कागद आहे. घरातले डाग आणि बँकेतली ठेव त्याच्या कक्षेबाहेर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मृत्युपत्र ही खाजगी गोष्ट. कुणाही परक्याने ते का वाचावे? याचा विचार 1908 च्या नोंदणी कायद्याने बराच समंजसपणे केला आहे. मृत्युपत्रांची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते. करणारा जिवंत आहे तोवर नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर, आणि त्याआधी कधीही नाही, अर्ज करील त्या कुणालाही. नाते सिद्ध करण्याची अट त्यात नाही. लिफाफा मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. मृत्यूनंतर अर्ज आला की तो अर्जदारासमोर उघडायचा, मजकूर पुस्तकात उतरवून घ्यायचा आणि मूळ कागद परत जपून ठेवायचा. माणसाची गुप्तता त्याच्या श्वासाबरोबर संपते, कारण त्यानंतर तो कागद इतरांच्या आयुष्यावर हुकूम चालवू लागतो. हा न्याय मला पटतो. गोव्यात तर पोर्तुगीज परंपरेने मृत्युपत्र सहसा नोटरीच्या वहीतच लिहिले जाते, म्हणजे दप्तराचा प्रश्न आधीच सुटलेला.

महाराष्ट्रात मात्र अडचण अशी, की नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार एवढ्यावर मृत्युपत्र पुरे होते. 2025 च्या अखेरीस संसदेने कलम 213 वगळले आणि मुंबईची सक्तीही गेली. खर्च आणि वर्षानुवर्षांचा विलंब पाहता ही मागणी रास्त होती, आणि एकाच कायद्याने शहरागणिक भेद करणे तसेही समर्थनीय नव्हते. मात्र भेद मिटवताना मुंबईची दप्तराची सवय गावाला लावण्याऐवजी गावाची पेटी मुंबईला दिली गेली. मृत्युपत्र कपटाने दडवणाऱ्याला 1860 च्या दंडसंहितेने जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली होती. पण जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते दडवले असा आरोप नातलग करणार कसा? जिल्हा न्यायाधीशांनी प्रोबेट दिलेली मूळ मृत्युपत्रे त्यांच्याच दप्तरात ठेवावीत, असे 1925 च्या कायद्याच्या कलम 294 मध्ये लिहिले आहे, आणि मुदतही घातली आहे: मृत्युपत्रांचे सार्वजनिक नोंदणीगृह स्थापन होईपर्यंत. शंभर वर्षांनंतरही ती तात्पुरती व्यवस्थाच चालू आहे.