शिंपल्याचं बाळ: एका चुकलेल्या ओळखीचा इतिहास

म्हैसूरहून बोलतोय. आपल्या मालिकेत राजे येतात, तह येतात, लढाया येतात. आज मात्र नदीतला शिंपला येणार आहे. शिंपल्याचा कसला इतिहास, असं काहींना वाटेल. पण या शिंपल्याचं बाळ कोण आणि ते वाढतं कुठे, हे नीट कळायला विज्ञानाला पावणेदोनशे वर्षं लागली. त्या गोष्टीचा एक धागा जुन्या म्हैसूर संस्थानात येऊन पोचतो.

आधी एक अडचण समजून घेऊ. कोकणातल्या तिसऱ्या आपल्याला माहीत आहेत. त्या खाडीतल्या. त्यांची पिल्लं पाण्यात तरंगतात, पोहतात आणि पुढे तळाला बसतात. नदीत हे कसं जमणार? पाणी एकाच दिशेला धावतं. पिल्लं अशीच सोडली, तर दर पिढी थोडी थोडी खाली वाहत जाईल आणि शेवटी समुद्राला मिळेल. शिंपल्याला पाय म्हणावा असा एक मांसल अवयव असतो, पण त्याच्या जोरावर काही कोस चढ चढता येत नाही.

मग नदीतला शिंपला काय करतो? मादी अंडी आपल्याच कल्ल्यांत सांभाळते. त्यातून इवलीशी, दोन झडपांची पिल्लं तयार होतात. कित्येक जातींत त्या झडपांना आकडेही असतात. ती हजारोंच्या, कधी लाखोंच्या संख्येनं पाण्यात सोडली जातात. मासा जवळून गेला की त्यातली काही त्याच्या कल्ल्याला किंवा परांना चिमटा घेऊन बसतात. माशाची कातडी त्यांच्याभोवती वाढते, एक पुटकुळी तयार होते. आत काही दिवस, काही आठवडे पिल्लू माशाच्या जिवावर राहतं. छोटा शिंपला झाला की पुटकुळी फुटते आणि तो तळाला पडतो. बाकीच्या बहुतेकांना मासा भेटतच नाही आणि ती मरतात. भेटला तरी कुठलाही मासा चालत नाही. अनेक जातींचे यजमान मासे ठरलेले असतात.

आता इतिहास. 1695 मध्ये हॉलंडच्या लेवेनहुकनं आपल्या सूक्ष्मदर्शकातून शिंपल्याच्या आतली ही पिल्लं पाहिली आणि ती शिंपल्याचीच आहेत हे ओळखलं. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण 1797 मध्ये येन्स राथके या निसर्गअभ्यासकानं तेच जीव पुन्हा पाहिले आणि निष्कर्ष उलटा काढला. हे दिसायला आईसारखे नाहीत, तिच्या कल्ल्यांत गर्दी करून बसले आहेत, म्हणजे हे तिला लागलेले परजीवी! त्यानं त्यांना नाव दिलं 'ग्लोचिडियम पॅरासिटिकम'. ग्रीक भाषेत ग्लोचिस म्हणजे बाणाचं टोक. राथकेला हसू नका. समोर जे दिसत होतं त्यावरून त्याचा तर्क वाजवीच होता.

या मताला पाठीराखेही मिळाले. वाद 1828 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गेला. तो मिटवला 1832 मध्ये ड्रेस्डेनच्या कारुस या वैद्यानं. अंडी आईच्या अंडाशयातून कल्ल्यांत उतरतात आणि तिथेच त्यांचे हे जीव होतात, हे त्यानं दाखवलं. बाळ आईला परत मिळालं.

आता खरी गंमत ऐका. 1866 मध्ये लायडिगला हेच जीव माशाच्या परांवर रुतलेले सापडले. म्हणजे ते परजीवी होतेच! फक्त आईचे नव्हे, माशाचे. राथकेचं घर चुकलं होतं, शब्द बरोबर होता. म्हणून आजही या पिल्लाला ग्लोचिडियम हेच नाव चालतं.

हे ज्ञान पुढे धंद्याच्या कामी आलं. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी 1891 मध्ये बेपले नावाच्या जर्मन कारागिरानं शिंपल्यांपासून सदऱ्याची बटणं करायचा उद्योग सुरू केला. काही वर्षांतच नदी उपसली गेली. तेव्हा लेफेव्हर आणि कर्टिस या प्राणिशास्त्रज्ञांनी मासे टाकीत ठेवून त्यांना मुद्दाम ही पिल्लं लावायची आणि मासे नदीत सोडायचे, अशी पद्धत बसवली. 1912 मध्ये त्यांचा अहवाल आला. शिंपला पेरायचा तर मासा हवा, हे सरकारी खात्यालाही कळलं.

आता आपल्याकडे येऊ. इथे कन्नडमध्ये शिंपलीला 'कप्पे चिप्पु' म्हणतात, बेडकाची शिंपली. 1898 मध्ये लंडनच्या एडगर स्मिथनं म्हैसूर संस्थानातल्या भद्रा नदीतला एक विचित्र शिंपला जगापुढे आणला. डेली नावाच्या संग्राहकाकडून तो आला, म्हणून त्याचं नाव 'मुलेरिया डॅलिआय'. भद्रा पुढे तुंगेला मिळते, तुंगभद्रा कृष्णेला. म्हणजे महाबळेश्वरच्या कृष्णेच्याच कुटुंबातली ही नदी.

विचित्र काय? हा शिंपला कालवासारखा खडकाला कायमचा चिकटतो. असे गोड्या पाण्यातले शिंपले आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत माहीत होते. साहजिकच म्हैसूरचा शिंपला त्यांचा भाऊबंद ठरला. 1907 मध्ये त्याला 'स्यूडोमुलेरिया' हे वेगळं नाव मिळालं, पण कुळ तेच राहिलं. 2000 मध्ये बोगन आणि होह यांनी डीएनए तपासला आणि उलगडा झाला. हा परदेशी शिंपल्यांचा भाऊ नाहीच. आपल्या नद्यांत वाळूत रुतून बसणारे जे साधे शिंपले, त्यांच्याच युनिओनिडी कुळातला हा. खडकाला चिकटायची युक्ती त्यानं स्वतंत्रपणे शोधलेली. पुन्हा एकदा रूपावरून ओळख चुकली होती.

आता हे दोन धागे जोडून पाहा. युनिओनिडी कुळाची रीत म्हणजे ग्लोचिडियम, आणि ग्लोचिडियमला मासा लागतो. एकदा खडकाला चिकटलेला शिंपला जन्मभर हलणार नाही. त्याच्या वंशानं वरच्या अंगाचा दुसरा खडक गाठायचा, तर तो माशाच्या पाठीवरूनच. मधे धरण आलं, पाणी थबकलं, मासा अडला, की शिंपलाही अडला. भद्रेवर लक्कवळ्ळीला धरण आहे, तुंगेवर गाजनूरला. हा शिंपला आज संकटग्रस्त जातींत मोजला जातो.

यातला धोका लवकर दिसत नाही. शिंपले दीर्घायुषी असतात. मासे गेले तरी म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं पाणी गाळत बसतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. कोकणात एखाद्या वाडीत दिवे लागतात, अंगणं सारवलेली असतात, पण शाळेच्या पटावर एकही मूल नसतं. तशी ती नदी.

म्हणून नदीवर गेलात तर मोठा शिंपला बघून समाधान मानू नका. नखाएवढा दिसतो का, ते बघा. तो दिसला, तर समजा की वर्षा-दोन वर्षांत इथून त्याचा मासा गेला होता. पुढच्या भागात भेटू.