हवेच्या बंदुकीची टाकी आणि तिचा जोर

पिंपळगाव बसवंतच्या बागाईतदाराला दाबलेल्या हवेची महती निराळी सांगावयास नको. हवा भरून चालवावयाच्या पंपाने ज्याने औषध मारले आहे, त्याला फवारा आधी कसा जोराने निघतो आणि हवा सरत आली की कसा मंदावतो, हे पक्के ठाऊक आहे. हवेच्या बंदुकीचा इतिहास म्हणजे ह्याच अनुभवाचा इतिहास होय. त्यातील एकच प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत: टाकी मोठी केली म्हणजे बंदुकीचा जोर वाढतो काय?

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्डोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची लोखंडी टाकी. ती भरावयास हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. मोबदल्यात धूर नाही, दारू भिजण्याचे भय नाही, आणि वीसएक गोळ्या लागोपाठ झाडता येत. परंतु पहिल्या गोळीचा जोर शेवटच्या गोळीला नसे. १८१५ पर्यंत ती सैन्यातून गेली. नाजूक झडपा आणि टाकी भरण्याची यातायात रणांगणावर परवडण्याजोगी नव्हती.

आता प्रश्नाकडे वळू. दाब आणि आकारमान ह्यांचे नाते बॉईलने १६६२ मध्येच मांडले होते. साडेचार मिलिमीटर व्यासाची, साठ सेंटिमीटर लांबीची नळी घ्या. तिच्या पोटात सुमारे साडेनऊ घनसेंटिमीटर हवा मावते. टाकी वीस घनसेंटिमीटरची असेल, तर छर्रा तोंडाशी येईतो दाब मूळच्या दोनतृतीयांशावर उतरतो. टाकी दोनशेची असेल, तर तो शेकडा पाचच्या आसपासच घटतो. हवा पसरताना थंड होते, म्हणून प्रत्यक्षात घट थोडी अधिक. पण तात्पर्य बदलत नाही. म्हणजे अगदी लहान टाकी मोठी केली तर जोर खरोखरच वाढतो. पण दोनशेची चारशे केली, तर जोरात शेकडा एकाची जेमतेम भर पडते. वाढते ती बारांची संख्या. जोर ठरतो तो हवेचा दाब, नळीची लांबी-रुंदी आणि झडप किती वेळ उघडी राहते, ह्यांवर.

मग दाबच वाढवावा, असे कोणी म्हणेल. परंतु साध्या बंदुकीत झडप उघडतो तो घोड्याचा ठोका, आणि टाकीतील हवा तिला मागून दाबून धरते. दाब बेताबाहेर गेला की झडप नीट उघडत नाही, आणि भरलेल्या टाकीचा पहिलाच बार दुबळा निघतो! शिवाय टाकी दुप्पट केली की तीत कोंडलेली शक्तीही दुप्पट होते. ती फुटली तर अनर्थ ठरलेला. घरगुती टाकी जोडण्याचा किंवा ठरल्याहून अधिक हवा भरण्याचा मोह तरुणांनी टाळावा, तो ह्यासाठीच.

जिरार्डोनीला जे साधले नाही, ते पुढे दाब-नियंत्रकाने साधले. तो टाकीतील हवा ठराविक दाबानेच झडपेपाशी सोडतो. टाकी अर्धी झाली तरी बार सारखाच. दहा मीटरची हवाई रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिच्या छऱ्याची शक्ती जेमतेम सात-आठ ज्यूल, आणि निशाणाचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा. तेथे जोर नव्हे, सातत्य जिंकते. २००० साली सिडनीत ह्याच प्रकारात अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२२ मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. ह्यांपैकी कोणाचेही यश टाकीच्या आकारावर उभे नव्हते.

साठा मोठा असावा, हे खरे. पण साठा म्हणजे जोर नव्हे. तो जोर पुष्कळ वेळ टिकविण्याची सोय होय. दीड हजार दट्टे मारणाऱ्या त्या ऑस्ट्रियन शिपायाला हा भेद हातांनी कळला होता. आम्हांस तो हिशेबाने कळतो, इतकाच काय तो फरक.