ठरावापासून ओंजळीपर्यंत



आमदार या शब्दाचा अर्थ आपल्या गावोगाव अलीकडे फार पातळ झाला आहे. दहावीच्या मुलांना वह्या वाटतो तो आमदार. दिवाळीला उटण्याची पुडी आणि संक्रांतीला शुभेच्छा पाठवतो तो आमदार. रुग्णवाहिकेवर ज्याचे नाव रंगवलेले असते तो आमदार. या गोष्टींना मी नावे ठेवत नाही. ज्या घरात वही नाही त्या घराला वहीचे मोल विचारावे. परंतु वही कोणताही सज्जन सावकार देऊ शकतो. कायदा मात्र कायदेमंडळातच होतो. म्हणून तेथे बसलेल्या माणसाने आपल्या दारापर्यंत काय पोचवावे आणि ते पोचायला किती पायपीट पडते, याची एक जुनी हकिकत मी आज मांडणार आहे. ती आहे बोले ठरावाची.

सीताराम केशव बोले हे मुंबईचे भंडारी समाजातले कार्यकर्ते. गिरणगावातल्या माणसांसाठी 1909 साली जी कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. आमच्या चळवळीचा वंशवेल मागे मागे नेला तर तो नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खालोखाल या सभेपाशी जाऊन पोचतो. भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या कौतुकाची जी सभा भरली तिचे अध्यक्ष हेच बोले होते. केळूसकर गुरुजींनी त्या मुलाच्या हाती आपले बुद्धचरित्र दिले ते याच सभेत.

1919 च्या सुधारणा कायद्याने मुंबईचे कौन्सिल मोठे झाले. मतदार थोडे, अधिकार तुटपुंजे, आणि तिजोरीची किल्ली गव्हर्नराकडे. अशा त्या कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी बोल्यांनी एक ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले, किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. नीट पाहा, यात धर्माचा वाद नाही आणि शास्त्राचा आधार नाही. ज्याच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो ते सार्वजनिक, एवढाच हिशेब आहे. कर सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचे. गिरणीच्या पगारपत्रकावर बोट ठेवणाऱ्या माणसाला सुचावा असाच हा हिशेब होता.

आता ठराव झाला. पण ठराव म्हणजे काय? त्या कौन्सिलातला ठराव ही सरकारला केलेली शिफारस असे. सरकारने 11 सप्टेंबर 1923 रोजी हुकूम काढला, तोही दोन तोंडांचा. जी स्थळे खुद्द सरकारच्या मालकीची, तेथे खातेप्रमुखांनी अंमल करावा. जी नगरपालिका व लोकलबोर्डांच्या ताब्यातली, तेथे कलेक्टरांनी त्या संस्थांना विचार करण्याचा सल्ला द्यावा. गावोगावचे पाणवठे बहुतेक होते ते या दुसऱ्या वर्गात. म्हणजे हुकूम निघाला कचेरीला आणि सल्ला निघाला विहिरीला. सल्ल्याने विहिरीचे दोर सुटत नाहीत.

महाडची नगरपालिका त्या मानाने पुढे होती. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसे तेथे होती. 5 जानेवारी 1924 रोजी तिने ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. तरीही त्यानंतर तीन वर्षे त्या तळ्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. कोणी जाहीर मज्जाव केला नव्हता. तशी गरजच नव्हती. मार बसेल, बहिष्कार पडेल, ही धास्ती पुरेशी होती.

महाड हे सावित्रीकाठचे बाजारपेठेचे गाव, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. आसपासच्या खेड्यांतले महार तेथे बाजाराला येत आणि सरकारी कामालाही येत. गावचा टपाल-कागद कचेरीत आणून देणे, वसुलाचा पैसा पोचवणे हे त्यांच्या गावकीच्या चाकरीत मोडत होते. त्यांना तहान लागली तर जवळचे सार्वजनिक पाणी तेवढे त्या तळ्याचे. म्हणजे सरकारचा कागद ज्याच्या डोक्यावरून जाई, त्याला सरकारी कागदाने खुले केलेले पाणी पिता येत नव्हते. हा विरोध कौन्सिलच्या दालनात बसून दिसत नाही. तो उन्हात चालून आलेल्या माणसाच्या घशाला कळतो.

बोले मात्र ठराव करून घरी बसले नाहीत. अंमल होत नाही हे पाहून 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांची सरकारी मदत बंद करावी. मला स्वतःला बोल्यांचे मोठेपण पहिल्या ठरावापेक्षा या दुसऱ्यात अधिक दिसते. चांगली गोष्ट एकदा बोलून दाखवणारे पुष्कळ असतात. तीन वर्षांनी परत येऊन, त्या बोलण्याचे पुढे काय झाले असे विचारणारे आणि पैशाच्या गाठीला हात घालणारे थोडे.

फेब्रुवारी 1927 मध्ये डॉ. आंबेडकर नियुक्त सभासद म्हणून त्याच कौन्सिलात आले आणि पुढच्याच महिन्यात, 19 व 20 मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिची उभारणी करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते. पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत लाल निशाण खांद्यावर घेणारे ते हेच मोरे. अनंतराव चित्रे आणि टिपणीस हे सवर्ण सहकारीही सोबत होते. परिषदेला आलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे जवळ होते, कागदोपत्री खुले होते, आणि पाण्याला दाम मोजावे लागत होते. कायदा आणि घर यांच्यामधले अंतर रुपयांत मोजायचे तर त्या दिवशी ते चाळीस रुपये भरले.

दुसऱ्या दिवशी हजारांहून अधिक माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. पुढे काय झाले ते आपण जाणता. हे लोक आता देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी झोडपण्यात आले. तळे गोमय-गोमूत्राने ‘शुद्ध’ करून घेतले गेले. नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आला. तो दावा चालत चालत 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टात संपला आणि निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कौन्सिलातल्या ठरावापासून हायकोर्टाच्या शिक्क्यापर्यंत तेरा वर्षे सात महिने लागले. या काळात जन्मलेले मूल शाळा सोडून गिरणीत बदली कामगार म्हणून उभे राहण्याच्या वयाला आले असेल.

मग बोल्यांचा ठराव फुकट गेला काय? मुळीच नाही. महाडला जमलेली माणसे कोणाकडे दान मागायला गेली नव्हती. मंजूर झालेला हक्क बजावायला गेली होती. हे बळ त्यांना त्या ठरावाने दिले. आणि ठरावाला जीव त्या माणसांनी दिला. परिषद संपून दोन आठवडे होतात न होतात तोच, 3 एप्रिल 1927 ला, डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि महाडची हकिकत सविस्तर छापली. कौन्सिलात बोलणे, तळ्यावर चालणे आणि घडलेले घरोघर कळवणे ही तिन्ही कामे एकाच प्रतिनिधीने एकाच हंगामात केली. प्रतिनिधीची खबर म्हणजे काय, याचा नमुना हवा असेल तर तो हा.

त्याच कौन्सिलातला आणखी एक कायदा आमच्या जिव्हाळ्याचा आहे. आसवले यांनी आणलेल्या प्रसूती-साहाय्याच्या बिलाला डॉ. आंबेडकरांनी 1928 साली पाठिंबा दिला आणि 1929 साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला. बाळंतपणाच्या रजेत कामगार बाईला मालकाकडून दिवसाला आठ आणे मिळायचे. स्वतंत्र भारतात 1961 साली सबंध देशासाठी असा कायदा झाला. त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, बायका काम करतात त्या प्रत्येक विभागात, ठळक जागी लावला पाहिजे असे त्यात कलम होते. संघटनेच्या कामात मी अनेक कारखाने पाहिले. एका ठिकाणी हा गोषवारा साहेबांच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात लावला होता, तोही इंग्रजीत. बायका त्या बोळाने कधीच जात नसत. तो मराठीत करून पॅकिंगच्या खात्यात लावून घ्यायला आम्हाला सहा महिने भांडावे लागले. कायदा होता, कागद होता, भिंतही होती; बाईपर्यंतची वीस पावले तेवढी कोणी चालले नव्हते.

श्रोतेहो, 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या संविधानाचे पंधरावे कलम उघडून पाहा. पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरास जातीमुळे कोणालाही आडकाठी होणार नाही, असे तेथे लिहिले आहे. बोल्यांचा तो साधा हिशेब देशाच्या मूलभूत हक्कांत जाऊन बसला आहे. मधल्या वाटेवर मात्र महाडच्या रस्त्यावर फुटलेली डोकी आहेत, हे विसरू नये.

तेव्हा यापुढे आपला आमदार दारी आला की त्याचा सत्कार जरूर करा, चहा पाजा, वह्या दिल्या तर घ्या. पण त्याला तीन प्रश्न विचारल्यावाचून उठू देऊ नका. सभागृहात आमच्या घराच्या उपयोगाचे तू काय मंजूर करून घेतलेस? ते अमलात आणण्याची जबाबदारी नेमकी कोणाच्या शिरावर आहे? आणि अंमल झाला नाही, तर दुसरा ठराव कधी आणणार आहेस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकजण छापूनच आणतात. तिसऱ्या प्रश्नाला जो उत्तर देईल त्याला मत द्या. आणि त्यानंतरची वीस पावले आपली आहेत. ती आपण चाललो नाही, तर उत्तम कायदासुद्धा बोळातल्या भिंतीवर लटकत राहील.