गुरूवरील ध्रुवीय प्रकाश

गुरू ग्रहाच्या दोन्ही ध्रुवांभोवती, ढगांच्या माथ्यापासून काहीशे किलोमीटर उंचीवर अखंड तेवणारा प्रकाशपट्टा. पृथ्वीवरील ध्रुवीय प्रकाश सौरवाऱ्याच्या जोरानुसार भडकतो आणि मावळतो. गुरूवरचा मुख्य पट्टा मात्र विझत नाही, कारण त्याचे इंधन घरचेच आहे. आयो या उपग्रहावरील ज्वालामुखींमुळे दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य गुरूच्या चुंबकांबरात मिसळते. त्याचे आयन होतात आणि दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र त्यांना ओढत नेते. या ओढाताणीतून निर्माण झालेले विद्युत् प्रवाह ध्रुवांकडे पोचतात. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर आदळून प्रकाश उमटतो.

व्हॉयेजर-१ या यानाने १९७९ मध्ये हा प्रकाश जंबुपार किरणांत टिपला. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, त्यामुळे त्यांच्यासाठी हबलसारखी अवकाश दुर्बीणच लागते. जमिनीवरून निरीक्षणाची वाट अवरक्त किरणांनी खुली केली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तीन हायड्रोजन अणूंचा धनभारित आयन तयार होतो. १९८९ मध्ये तो गुरूवर ओळखला गेला. तो ३ ते ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात चमकतो. गुरूवरील मिथेन त्याच पट्ट्यातला सूर्यप्रकाश शोषून घेतो. ग्रह काळवंडतो आणि पट्टा उठून दिसतो. निसर्गाने निरीक्षकाला इतकी सोयीची पार्श्वभूमी क्वचितच दिली असेल. शिवाय या आयनाच्या वर्णरेषांवरून तिथले तापमानही कळते.

या तापमानानेच जुने कोडे उभे केले होते. केवळ सूर्याच्या उष्णतेवर गुरूचे उच्च वातावरण उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवे. प्रत्यक्षात विषुववृत्तावरही ते त्याहून शेकडो अंशांनी तप्त आहे. ही तफावत भरून काढायला ध्रुवीय प्रकाशाची ऊर्जा पुरेशी होती. पण ग्रहाच्या वेगवान परिवलनामुळे उठणारे वारे ती ध्रुवांपाशीच कोंडून ठेवतील, असे प्रतिमाने सांगत. जेम्स ओडोनह्यू व सहकाऱ्यांनी हवाईतील केक दुर्बिणीने २०१६ व २०१७ मध्ये तापमानाचे सविस्तर नकाशे घेतले. ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे तापमान टप्प्याटप्प्याने उतरत असल्याचे त्यांत दिसले. सौरवाऱ्याचा दाब वाढल्यानंतर तप्त वायूचा एक पट्टा ध्रुवीय भागापासून दूर सरकतानाही आढळला. ध्रुवीय प्रकाशाची उष्णता विषुववृत्तापर्यंत पसरते, याचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निर्णायक पुरावा मानावा लागतो.

गुरूवर चमकणारा तीन हायड्रोजन अणूंचा हाच आयन नेपच्यूनवरही जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये टिपला. व्हॉयेजर-२ ने १९८९ मध्ये मोजले त्यापेक्षा तिथले उच्च वातावरण शेकडो अंशांनी थंडावले आहे. थंड आयन मंद चमकतो; म्हणूनच तो दशकानुदशके सापडत नव्हता.