वर्धा नदीवरील आगबोटीचा मनोरथ

वर्धा जिल्हा 1862 सालीं नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्याच सुमारास या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीचा संबंध थेट पूर्वसमुद्राशीं जोडण्याचा उद्योग चालू होता. हिंगणघाटचा कापूस आगबोटींनीं वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गानें काकिनाड्याकडे न्यावयाचा, असा तो बेत होता. धवळेश्वरचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन हे त्याचे पुरस्कर्ते. प्रत्यक्ष काम कॅप्टन हेग यांजकडे होतें. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचाही त्यास पाठिंबा होता.

उथळ पाण्यांत मळसूत्री पंख्याची बोट नीट चालत नाहीं. म्हणून अशा नद्यांस उथळ बुडाच्या, वल्हेदार चाकांच्या आगबोटीच योग्य. परंतु मार्गांत खडकांचे तीन अडथळे होते: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथें, दुसरा इंचमपल्ली येथें, व तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथें. तेथें कालवे व बंधारे झाल्यावांचून माल उतरवून खुष्कीनें नेणें व पुन्हा चढविणें भाग होतें.

1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील कापूस मँचेस्टरास मिळेनासा झाला. तेव्हां या बेतास जोर चढला. पुढें 1867 सालीं लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोहोंचला, आणि 1871 सालीं नदीचें काम थांबलें. यावरून रेल्वेनें आगबोटीस मारलें, असें म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें हें कारण अपुरें आहे. वर्धेस बोटीपुरतें पाणी पावसाळ्यांत. कापसाची वेचणी मात्र कार्तिकाच्या सुमारास सुरू होते. म्हणजे गांठी तयार होतील तेव्हां नदी ओसरलेली, व नदी पुन्हा भरेपर्यंत माल कित्येक महिने वखारींत पडलेला. इतका काळ भांडवल अडकवून ठेवणें कोणत्या व्यापाऱ्यास परवडेल? त्यापेक्षां मिर्झापूरची बैलांची लांब वाट किंवा मुंबईची गाडीवाट त्यास सोयीची. कारण या वाटा कोरड्या दिवसांतच चालत. रेल्वे नसती तरी हा मनोरथ सिद्धीस जाणें कठीण होतें.

सरकारी अहवालांत इंजिनियरांची बाजू आहे. व्यापाऱ्यांची बाजू देशी कागदांतच शोधली पाहिजे. हिंगणघाट, आर्वी, देवळी येथील जुन्या पेढ्यांच्या मोडी वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं 1860 ते 1875 पर्यंतच्या रोजकीर्दींतील गाडीभाडें, वखारभाडें, हुंडी व व्याज यांचे आंकडे तारीखवार उतरून प्रसिद्ध करावे. वरील अनुमान टिकतें कीं नाहीं, याचा निर्णय त्यावरूनच होईल.