फुप्फुसातली दुर्मिळ गाठ: बायोप्सीचा ब्लॉक जपून ठेवणं का महत्त्वाचं?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि थुंकीतून रक्त. भंडारा जिल्ह्यात, मग ते तुमसर असो, साकोली असो की लाखांदूर, अशा लक्षणांवर पहिली शंका टीबीची येते. ती रास्तही आहे, कारण आपल्याकडे टीबीचे रुग्ण खूप आहेत. पण थुंकीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, औषधं सुरू करूनही एक्स-रेवरचा डाग तसाच राहतो, तेव्हा दुसऱ्या शक्यतेचा विचार व्हायला हवा. तो डाग गाठीचा असू शकतो. आणि फुप्फुसातली प्रत्येक गाठ म्हणजे नेहमीचा कॅन्सर नसतो.

‘वेगळ्या’ गाठी म्हणजे कोणत्या?

हॅमार्टोमा ही फुप्फुसातली सर्वाधिक आढळणारी साधी गाठ आहे. ती कॅन्सर नसते आणि अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत दिसते.

कार्सिनॉइड ही हळू वाढणारी गाठ. फुप्फुसाच्या एकूण ट्यूमरमध्ये तिचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं. ती बऱ्याचदा श्वासनलिकेच्या फांदीत बसते. त्यामुळे छातीत घरघर होते आणि उपचार मात्र दम्याचे सुरू राहतात. तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असल्याने खोकल्यातून रक्तही येतं. कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्या तरुणांनाही ती होते. वेळेत ऑपरेशन झालं, तर तिच्या साध्या प्रकारात बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

तिसरी गाठ म्हणजे इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर. ती जास्त करून लहान मुलं आणि तरुणांमध्ये दिसते. अशा सुमारे निम्म्या गाठींमध्ये ‘एएलके’ या जनुकात बिघाड सापडतो.

दुर्मिळ आजारावर संशोधन अवघड का?

कारण रुग्णच कमी. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधलं उदाहरण पाहा. ‘ईजीएफआर’ जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर तिथे ३५० रुग्णांची चाचणी झाली. नुसत्या गेफिटिनिबच्या गोळीने आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहत होता. सोबत केमोथेरपी दिल्यावर हा काळ १६ महिन्यांवर गेला. एका मोठ्या हॉस्पिटलला हे जमलं, कारण हा बदल भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये आढळतो.

आता दुर्मिळ गाठीचं पाहा. एएलके बिघाड असलेल्या मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरसाठी क्रिझोटिनिब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती ज्या दोन अभ्यासांवर मिळाली, त्यात असे रुग्ण होते फक्त २१: १४ मुलं आणि ७ प्रौढ. मुलांपैकी १२ जणांची आणि प्रौढांपैकी ५ जणांची गाठ लक्षणीय कमी झाली. एवढे रुग्ण गोळा करायलाही अनेक हॉस्पिटलांना एकत्र यावं लागलं.

मग एकत्र काम कसं चालतं?

बायोप्सीत काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. नीट ठेवला तर तो अनेक वर्षं टिकतो आणि नवी चाचणी आली की त्याच ब्लॉकमधून पुन्हा काप घेता येतात. रुग्णाच्या संमतीने असे नमुने आणि उपचारांची माहिती जिथे साठवतात, ती बायोबँक. टाटा मेमोरियलमध्ये गाठींच्या नमुन्यांची अशी साठवण आहे.

अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ने ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या नमुन्यांची जनुकीय माहिती जगभरातल्या संशोधकांना खुली केली. भारतात २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड हे हॉस्पिटलांचं जाळं काम करतं. त्यातले तज्ज्ञ अवघड केसवर ऑनलाइन एकत्र चर्चाही करतात.

भंडाऱ्याला सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये मिळालं. कॅन्सरच्या विशेष उपचारांसाठी मात्र लोक प्रामुख्याने सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपूरला जातात, काही जण पुढे मुंबईलाही. या प्रवासात कागद, स्लाइड किंवा ब्लॉक मागे राहिला तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते. त्यात पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावं?

- टीबीची औषधं घेऊनही फरक नसेल तर ती मनाने बंद करू नका. सीटी स्कॅन किंवा ब्रॉन्कोस्कोपीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.
- दुसऱ्या हॉस्पिटलला जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडे मागा. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.
- रिपोर्टमध्ये दुर्मिळ गाठीचं नाव असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यावं का, जनुकीय तपासणी लागेल का, हे विचारा.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे करा.

संशोधनासाठी नमुना द्यायलाच हवा का?

नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती ऐच्छिक असते, ती मागेही घेता येते आणि नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. नमुना कशासाठी वापरणार, ओळख गुप्त कशी राहणार, हे मराठीत समजावून मागा. त्याशिवाय सही करू नका.

औषधाच्या चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं, तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदणीत आहे का ते पाहा. १५ जून २००९ पासून भारतात ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन मोफत पाहता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांमध्ये आहे.

२१ रुग्णांच्या माहितीवर एक औषध मंजूर होऊ शकतं. म्हणूनच दुर्मिळ गाठीच्या बाबतीत नीट जपलेला, समजून-उमजून दिलेला एकेक नमुना मोलाचा ठरतो.